पणती आणि पगार

नगर शहरातून आग्नेयेला पाऊणशे किलोमीटर गेलं की जामखेड लागतं. पुढे लगेच बीडची हद्द. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात आहे आणि १७९५ साली मराठे-निजाम लढाई झाली ते खर्डाही इथलंच. पाऊस बेभरवशाचा, शेती बरीचशी जिराईत, आणि दिवाळी सरली की ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं.

१९७० साली या गावात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य राहायला आलं. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या घरातले, मेबल जबलपूरच्या. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकले. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली. तेच ते आजार घेऊन तीच ती माणसं पुन्हा दारात येतात, हे तिथे त्यांनी पाहिलं. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन दोघं परतले. जामखेडमध्ये त्यांच्या वाट्याला आली ती जनावरांच्या दवाखान्याची एक जुनी, पडीक इमारत. ग्रामीण आरोग्य प्रकल्प तिथे सुरू झाला.

संस्था इथल्या मातीतली, पण तिला निधी देणारे हात परदेशातले होते, प्रामुख्याने चर्चशी जोडलेल्या मदत संस्थांचे. पुढे शिकायला येणारी माणसंही जगभरातून येऊ लागली. अशा संस्थेत काम करणं म्हणजे काय, असं कुणाला विचारलं तर डोळ्यांसमोर येते ती जीप, इंग्रजीतले अहवाल, पाहुण्यांच्या व्हिजिटा आणि बरा पगार. जामखेडमध्ये या प्रश्नाचं उत्तर फार वेगळ्या माणसांनी दिलं. ती माणसं पगारपत्रकावर नव्हती आणि त्यांतल्या बहुतेकींना त्या पत्रकावरचं नावही वाचता आलं नसतं.

सुरुवात एका फसलेल्या प्रयोगापासून झाली. गावोगाव आरोग्यसेवा पोचवायची तर गावात प्रशिक्षित नर्स हवी, हा साधा हिशेब होता. त्याप्रमाणे नर्स नेमल्या आणि गावांत राहायला पाठवल्या. योजना चालली नाही. एका शिकलेल्या तरुण मुलीने दुष्काळी गावात खोली घेऊन एकटीने राहायचं, रात्री-अपरात्री बाळंतपणाला हाक आली तर कंदील घेऊन निघायचं, हे १९७० च्या सुमारास सोपं नव्हतं. गावाच्या नजरा तिच्यावर असत. चार लेकरांची आई झालेल्या बाईने विशी-बाविशीच्या, लग्न न झालेल्या मुलीकडून बाळंतपणाच्या गोष्टी ऐकाव्यात ही अपेक्षाही गावाच्या रीतीला धरून नव्हती. त्या मुलींना दोष देण्यात अर्थ नाही. नेमणूक करणाऱ्याने नोकरीचं वर्णन कागदावर लिहिलं होतं, ती नोकरी जगायची मात्र त्यांना होती. आजही शहरात आखलेल्या कित्येक योजना याच ठेचेवर अडखळतात.

मग वाट सापडली ती गावाकडूनच. बाहेरची शिकलेली बाई राहत नसेल तर आमच्यातल्याच एखादीला शिकवा, असा विचार पुढे आला. गावाने बाई निवडायची आणि जामखेडने तिला घडवायची, असं ठरलं. निवडून आलेल्या बायका बहुतेक निरक्षर होत्या. पोक्त, संसाराचे टक्केटोणपे खाल्लेल्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याने टाकलेली, आणि कितीतरी दलित वस्तीतल्या. जिला विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं अशा बाईने पाटलाच्या सुनेचं बाळंतपण करायचं होतं.

दर आठवड्याला या बायका जामखेडला मुक्कामी येत. पहिला धडा औषधांचा नसे. अमक्याची बायको, तमक्याची आई म्हणूनच आयुष्य गेलेल्या बाईने उठून स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, इथून सुरुवात होई. रात्री जमिनीवर अंथरुणं पडत आणि सगळ्या जातींच्या बायका एकाच मोठ्या गोधडीखाली झोपत. ज्यांच्या घरी दुसरीच्या हातचं पाणीही चालत नव्हतं त्यांच्यासाठी ती गोधडी शरीरशास्त्राच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा अवघड धडा होती. दिवसा मग गाणी, गोष्टी, चित्रांचे तक्ते, आणि मागच्या आठवड्यात कुणाच्या गावात काय घडलं याची चर्चा. लिहिता येत नसल्याने सगळं लक्षात ठेवायचं, आणि लक्षात ठेवण्यात या बायका पक्क्या होत्या. जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ असणाऱ्या माणसांना लसीकरणाचं वेळापत्रक जड जायचं कारण नव्हतं.

डॉक्टर नर्सला शिकवणार, नर्स गावच्या बाईला, आणि गावची बाई घराघरांतल्या बायकांना. ज्ञान अडवून धरायचं नाही, ही आरोळ्यांची शिस्त होती. गावात परतल्यावर तिच्याजवळ साधीच सामग्री असे: बाळंतपणासाठी निर्जंतुक पातं, दोरा आणि कापडाची घडी, थोडी नेहमीची औषधं. हगवणीने तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली की पूर्वी वेगवेगळे तोडगे होत. आता ती सांगे, लेकराच्या अंगातलं पाणी गेलंय, मीठ-साखरेचं पाणी पाजा. गोवर-कांजिण्यांना देवीचा कोप म्हणून घाबरणाऱ्या घरात ती मुलाला खाऊ-पिऊ घालायला लावे. दवाखान्यात नेण्याजोगी केस कोणती हे ओळखणं हा तिच्या कामाचा सर्वांत मोठा भाग होता.

हे काम म्हणजे नुसती आरोग्याची नोकरी नव्हती. १९७२ च्या दुष्काळात गावांना गोळ्यांआधी पाणी आणि मुलांना अन्न हवं होतं. प्रकल्पाने लहान मुलांसाठी गावातच अन्न शिजवलं, कूपनलिका घेतल्या, आणि त्या शक्य तिथे दलित वस्तीजवळ घेतल्या. पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत यावं लागलं. तरुणांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचा खेळ कामाला आला. मैदानात चेंडू कुणाच्या हातून आला हे पाहायला वेळ नसतो. त्या खेळातून शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली, मागोमाग महिला मंडळं. प्रकल्पात नोकरीला असलेल्या पगारी माणसांना, म्हणजे नर्स, समाजसेवक, ड्रायव्हर यांना, आपापल्या पदाच्या चौकटीत बसून हे करता येण्याजोगं नव्हतं. कुष्ठरोगी किंवा क्षयरोगी वेगळ्या दवाखान्यात न पाठवता त्यांचीही सेवा याच कामात धरली होती. दवाखान्याच्या आवारात जयपूर फूट बनवण्याची कार्यशाळाही सुरू झाली.

आकडे काय सांगतात? १९७१ च्या सुमारास या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिसाच्या खाली आलं. देशभर सुधारणा होत होतीच, मग यात जामखेडचं श्रेय किती, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आलेल्या एका अभ्यासात मिळतं. प्रकल्पातली गावं आणि शेजारची तशीच पण प्रकल्पाबाहेरची गावं यांची तिथे तुलना आहे. प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला.

जगाने दखल त्याआधीच घेतली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये लोकसहभागातून उभ्या राहिलेल्या आरोग्यकार्यांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तेव्हा तिच्यामागच्या अनुभवांत जामखेडचाही वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे मेबल आरोळे युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठी काठमांडूहून काम करू लागल्या. जामखेडमध्ये शिकलेलं त्यांनी अनेक देशांच्या आरोग्य धोरणांपर्यंत नेलं. १९९९ मध्ये त्या गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. संस्थेची धुरा त्यानंतर त्यांची मुलं डॉ. शोभा आणि रवी आरोळे यांनी सांभाळली.

या सगळ्या मानसन्मानांत लक्षात राहतो तो मुक्ताबाई पोळ यांचा प्रसंग. मुक्ताबाई गावच्या आरोग्यसेविका. १९८८ मध्ये त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत बोलायला बोलावलं. समोर देशोदेशीचे डॉक्टर, प्राध्यापक, निधी देणाऱ्या संस्थांचे अधिकारी. सभागृहाच्या छताला मोठाली झुंबरं होती. मुक्ताबाईंनी त्या झुंबरांकडे बोट दाखवलं. डॉक्टर लोक या झुंबरांसारखे आहेत, त्या म्हणाल्या, देखणे पण महाग आणि हात न पोचणारे. मग त्यांनी जवळच्या दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी पेटवली. झुंबराला दुसरं झुंबर उजळता येत नाही, पणतीला येतं, हे सगळ्या सभागृहाने डोळ्यांनी पाहिलं. श्रोते उठून उभे राहिले.

ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते ती एक सुंदर उपमा म्हणून. तिच्यात कामाच्या जागेबद्दलचं एक धारदार निरीक्षणही आहे. पदांच्या उतरंडीत जी सगळ्यात खाली, ती वरच्यांना सगळ्यांसमक्ष सांगते की कामाची खरी पोच माझ्याकडून आहे. परदेशी पैशावर चालणाऱ्या किती संस्थांत तळातल्या माणसाला असं बोलता येतं? जामखेडमध्ये येत होतं, कारण ते बोलणं ऐकून घेण्याची सवय वरच्यांनी स्वतःला लावून घेतली होती.

त्या सवयीचं पुढे एका शाळेत रूपांतर झालं. जामखेडच्या प्रशिक्षण केंद्रात शंभरच्या आसपास देशांतली माणसं शिकून गेली: डॉक्टर, नर्स, सरकारी अधिकारी, विद्यापीठांतले विद्यार्थी. त्यांना शिकवणाऱ्यांत गावच्या आरोग्यसेविका होत्या. जॉन्स हॉपकिन्सच्या अध्यापकांनी प्राथमिक आरोग्यावर जगभरासाठी इंटरनेटवर जो अभ्यासक्रम बनवला त्यातही जामखेड आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक'ने डिसेंबर २००८ च्या अंकात या बायकांवर मोठा लेख छापला. परदेशातून आलेल्या पदवीधराला पहिल्याच आठवड्यात एक धक्का बसतो. तो मदत करायला आलेला असतो आणि त्याला मांडी घालून खाली बसवून एक नऊवारीतली बाई गावातल्या पोरांची नावं, त्यांची वजनं, त्यांच्या आयांची दुखणी तोंडपाठ सांगू लागते. अभ्यासक्रम तिच्या डोक्यात आहे, दुभाषा त्याला लागतो.

हे वाचताना एक प्रश्न मनात टोचत राहतो, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर होणार नाही. या बायकांना पैसे किती मिळत होते?

फारसे नाहीत. मानधन नाममात्र. जामखेडची भूमिका अशी की आरोग्यसेविका ही संस्थेची नोकर नाही, ती गावाची आहे. पगार संस्थेकडून आला तर तिची निष्ठा गावाऐवजी जामखेडकडे वळेल, निधी आटला की कामही आटेल. त्याऐवजी तिला स्वतःच्या पायावर उभं करायचं: शेळ्या, भाजी, बांगड्या, किराणा यांसाठी भांडवल आणि मंडळातून कर्ज. यात दूरदृष्टी होती हे मान्य करावं लागतं. निधी देणारी संस्था देश सोडून गेल्यावर बंद पडलेल्या आरोग्य केंद्रांच्या कहाण्या जगभर आहेत, जामखेडच्या गावांतलं ज्ञान तसं बंद पडलं नाही. त्या बायकांना मिळालेला मानही खरा होता. ज्या पाटलाच्या वाड्यात शिरता येत नव्हतं तिथे त्यांना मध्यरात्री हात जोडून बोलावलं जाई. कित्येकींच्या आयुष्यात पैशाने न येणारी गोष्ट त्यामुळे आली.

तरीही, बाईच्या श्रमाला मान पुरेसा आणि पुरुषाच्या श्रमाला पगार, ही आपल्याकडची जुनी वाटणी आहे, आणि सेवाभावी काम तिच्यापासून आपोआप मुक्त होत नाही. गावाने निवडलेली, गावात राहणारी आरोग्यसेविका ही कल्पना पुढे देशभर पसरली. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' आल्या. सरकारने कल्पनेबरोबर मानधनाची पद्धतही उचलली आणि तिचं गणित कामावार मोबदल्याचं केलं, म्हणजे लसीकरणाचे इतके, बाळंतपणाला दवाखान्यात नेल्याचे इतके. जामखेडमध्ये बाईच्या मागे मंडळ होतं, आठवड्याचं शिक्षण होतं, हाकेला डॉक्टर होता. सरकारी योजनेत बऱ्याच ठिकाणी यातलं फक्त कमी मानधन शिल्लक राहिलं. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा जागतिक नेतृत्वाच्या पुरस्काराने गौरव केला. २०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीसाठी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या होत्या.

परदेशातून येणारा पैसा आणि त्यावर राबणारी इथली माणसं, हे नातं नगरला नवीन नाही. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये ठाणं केलं. मिशनची मुख्य कचेरी बोस्टनला. नगरच्या शाळांतले पंतोजी, उपदेशक, पुस्तकं वाटणारे, बायकांमध्ये काम करणाऱ्या बायका यांचं जगणं त्या कचेरीतल्या ठरावांवर हलत असे. मुलींच्या शाळांसाठी राबलेल्या सिंथिया फरार बाई इथल्याच. सावित्रीबाई फुल्यांच्या शिक्षणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून रूफस अँडरसन पाहणीला आले. शाळा देशी भाषेत चालाव्यात, इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक इथलेच असावेत आणि त्यांचा खर्च मंडळ्यांनीच उचलावा, असा त्यांचा आग्रह. त्याच सुमारास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली, आणि नगरची इंग्रजी शाळा बंदही झाली. एका पाहुण्याच्या भेटीने कुणाला अधिकार मिळाला, कुणाची नोकरी गेली. आजच्या भाषेत त्याला डोनर व्हिजिट म्हणतात.

कवी नारायण वामन टिळक याच मिशनचे नोकर. १८९५ मध्ये ख्रिस्ती झाल्यावर ते नगरला या कामात आले, मिशनच्या 'ज्ञानोदय' नियतकालिकासाठी लिहीत राहिले, उपदेश करत राहिले. हातात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळं होण्याचा त्यांचा स्वभाव आणि त्यापायी घरात होणारी ओढाताण पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. परदेशी संस्थेत काम करणाऱ्या मराठी माणसाच्या घरचा इतका उघडा, इतका प्रेमळ जमाखर्च दुसरा कुणी लिहिलेला नाही. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताची सेवा भारतीय रीतीने करायची तर परदेशी संस्थेच्या चाकरीबाहेर उभं राहायला हवं, असं त्यांना वाटलं. दोन वर्षांनी ते गेले.

जिल्ह्याच्या उत्तरेकडे, संगमनेरच्या पठारावर, विसाव्या शतकाच्या अखेरीला आणखी एक प्रयोग झाला. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर हर्मन बाकर १९४८ मध्ये भारतात आले आणि पुढचं आयुष्य नगर जिल्ह्यातच रमले. लोकांनी त्यांना 'बाकरबाबा' केलं. त्यांच्या प्रयत्नांतून जर्मन सरकारचा निधी आणि नाबार्ड यांची सांगड घालणारा इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला. १९९३ मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्या साथीने वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट काढली, लोक तिला 'वॉटर' म्हणतात. मेंढवण, म्हसवंडी, दरेवाडी अशा गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, बांध, बंधारे झाले.

इथे नोकरीला लागलेल्या तरुण इंजिनिअरला पहिली गोष्ट शिकावी लागे ती थांबण्याची. पैसा मंजूर असला तरी काम लगेच सुरू होत नसे. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची, थोड्या क्षेत्रावर काम करून स्वतःची तयारी सिद्ध करायची, मग मोठा टप्पा. आराखडाही कचेरीत बसून नव्हे, तर शेतकरी नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून, गटागटाने. ज्याने चार वर्षं नकाशे काढायचं शिक्षण घेतलं त्याला एखादी आजी सांगे की ओढा असा वळत नाही, पलीकडून वळतो. कुदळ घेऊन गावकऱ्यांबरोबर चर खणल्याशिवाय गावात शब्दाला किंमत येत नसे. जामखेडला नर्सने जे ओळखलं ते संगमनेरला इंजिनिअरने ओळखलं: पदवीची ओळख गावात नव्याने करून द्यावी लागते.

आज नगर जिल्ह्यात सामाजिक संस्थांमध्ये काम करणाऱ्यांची एक मोठी फळी आहे. नगरच्या सीएसआरडी संस्थेतून दरवर्षी समाजकार्याची पदवी घेऊन मुलं-मुली बाहेर पडतात. त्यांतली बरीच शेतकऱ्यांच्या घरची असतात. नोकरीचं पत्र हातात पडतं ते प्रोजेक्टच्या मुदतीपुरतं, साधारण तीन वर्षांचं. पहिलं वर्ष गावाने ओळख द्यावी म्हणून जातं, दुसऱ्या वर्षी काम रंगात येतं, तिसऱ्या वर्षी पुढच्या प्रपोजलची काळजी सुरू होते. बचत गटाची बैठक मराठीत झाली तरी तिचा अहवाल इंग्रजीत जायला लागतो. ज्या ताईला बायका मनातलं सांगतात तिला इंग्रजी अडतं, आणि ज्याला इंग्रजी येतं त्याला बायका मनातलं सांगत नाहीत. बढती मिळते ती दुसऱ्याला. या क्षेत्रात वर्षं काढलेल्या माणसांशी बोललं की ही खंत फिरून फिरून येते.

परदेशी निधीचे नियमही या नोकऱ्यांना जवळून स्पर्श करतात. विदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा, सध्याचा २०१० चा. २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, परदेशी निधीचं मुख्य खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या शाखेतच उघडणं सक्तीचं झालं, आणि एका संस्थेने आपल्याला आलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देणं थांबलं. शेवटची अट गावपातळीवर जास्त टोचली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून तालुक्याच्या लहान संस्थेला, तिथून गावातल्या कार्यकर्तीला, अशी वाहणारी धार तुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरांचा किंवा शाळेतल्या शिक्षकांचा पगार प्रशासकीय खर्चात धरला जात नाही, ही सोय नियमांत आहे. हिशेब ठेवणारा, अहवाल लिहिणारा, सगळ्यांची मोट बांधणारा मात्र त्या २० टक्क्यांत बसवावा लागतो.

एप्रिल २०२० मध्ये जामखेड करोनाचं हॉटस्पॉट ठरलं. गावाच्या हद्दी बंद झाल्या. पन्नास वर्षांपूर्वी जनावरांच्या दवाखान्यात सुरू झालेल्या कामातून उभं राहिलेलं आरोळ्यांचं ज्युलिया हॉस्पिटल त्या काळात कोविड केंद्र झालं आणि डॉ. शोभा व रवी आरोळे यांच्या टीमने रुग्णांवर विनामूल्य उपचार केले. सरकारी यंत्रणा, गावकरी आणि देणगीदार यांनी शिधा पुरवला. बीड, सोलापूर, उस्मानाबादकडचीही माणसं तिथे आली.

रुग्ण घरी गेला की त्याच्या दारात उभी राहायची ती गावातली बाई. त्या सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली तेव्हा राज्यभर आशांच्या हातात ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर आले. दिवसाला पन्नास घरं करायची होती. सकाळचा स्वयंपाक उरकून, तोंडाला ओढणी बांधून, बगलेत वही घेऊन त्या निघत. कुणी दार उघडे, कुणी आतूनच सगळे बरे आहोत म्हणून सांगे, मग उंबऱ्याबाहेर उभं राहून पुन्हा हाक मारायची. संध्याकाळी घरी आल्यावर मुलांना जवळ येऊ न देता आधी अंघोळ, आणि मग दिव्याखाली बसून पन्नास घरांची नोंद वहीत उतरवायची.